मधली पाच मिनिटं

"मॅडम, मोजा ठीक म्हणतोय," असं म्हणून निकिताने हातमोजा घातलेला हात बाजूला केला.

टेबलावर रबरी बाई आडवी होती. धड्याप्रमाणे ती दहा मिनिटांपूर्वी बाळंत झाली होती. तिचं रबरी बाळ तिच्या छातीवर दुपट्याखाली होतं आणि तिच्या पोटातली पिशवी रत्नप्रभाबाईंनी मागच्या नळीतून मुद्दाम ढिली सोडली होती. टेबलाखालच्या घमेल्यात लाल पाणी चांगलं धार लावून पडत होतं.

"मोजा ठीक म्हणतोय," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आणि घमेलं काय म्हणतंय?"

बाकीच्या पोरी हसल्या. निकिता ओशाळली, पण हार मानेना. "मॅडम, पुस्तिकेत लिहिलंय की रबरावर मोजा चुकतो. खऱ्या बाईवर नाही चुकत."

"पुस्तिका लिहिणाऱ्याने किती बायका बाळंत केल्यात ते विचारून ये. काढ तो मोजा. तळहात चोळून गरम कर आणि बेंबीखाली ठेव. बाळंतिणीची पिशवी हाताला कशी लागली पाहिजे?"

"सोललेल्या नारळासारखी."

"आणि ही?"

"भिजवलेल्या कणकेसारखी."

"मग चोळ की. बघत काय बसलीस?"

रत्नप्रभा बागुल यांचं तोंड असं फटकळ होतं आणि मोरखडीच्या प्रसविका प्रशिक्षण केंद्रात ते अठ्ठावीस वर्षं चालत आलं होतं. बाळ बाहेर आलं की सगळ्या घराचं लक्ष बाळाकडे जातं, बाईंचं मात्र आईच्या पोटावर असायचं. वार सुटून आली की गर्भाशयाच्या आतल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करायला शरीरापाशी एकच उपाय असतो. गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि त्या चिमटीत रक्तवाहिन्या मिटतात. स्नायू ढिले राहिले तर चांगली धडधाकट बाई तासाभरात हातची जाते. म्हणून पहिले दोन तास, दर पंधरा मिनिटांनी, पोटावर हात. बाईंचा सगळा धर्म एवढाच होता.

आता गंमत अशी, की निकिता जो मोजा घालून बसली होती, तो मोजा म्हणजे बाईंचाच हात होता.

सात वर्षांपूर्वी पुण्याहून डॉक्टर केळशीकर नावाचे गृहस्थ केसाहून बारीक तारा विणलेला एक हातमोजा घेऊन आले होते. बाईंनी दोन वर्षं तो घालून बाळंतिणी तपासल्या. हाताला काय लागलं, म्हणजे दाब, ऊब, पिशवीचा घट्टपणा, ते मोजा टिपून घ्यायचा. त्या बाईचं पुढे काय झालं ते शेजारी लिहिलं जायचं. अशा चार हजार जोड्या यंत्राला दाखवल्या. घट्ट चांगलं आणि मऊ वाईट असं यंत्राला कुणी शिकवत नाही. जोड्या पाहून पाहून ते आपला आपणच नियम बांधतं. मग तोच मोजा एखाद्या नवख्या सिस्टरने घातला, की त्यातल्या बारीक दोऱ्या तिची बोटं नेमक्या जागी ओढून नेतात आणि मनगटावर हिरवा नाहीतर लाल दिवा लागतो. अठरा महिन्यांचं शिक्षण सहा आठवड्यांवर आलं. काही केंद्रांना पहिले मोजे वाटूनही झाले. मोज्याचं नाव ठेवलं 'रत्नहस्त'. नाही म्हटलं तरी बाई सुखावल्या होत्या.

त्या दोन वर्षांत शेजारी बसून नोंदी करायला प्रणाली देसले होती. तेव्हा बावीस वर्षांची, वसतिगृहात राहणारी, बाईंच्या डब्यातली मेथीची भाजी बोटं चाटून खाणारी. टायफॉईड झाला तेव्हा एकवीस दिवस बाईंच्याच घरी पडून होती. दवाखान्यात मॅडम आणि घरी मावशी, असं तिचं चालायचं. बाईंना मूलबाळ नव्हतं आणि त्यांनी ते कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, पण प्रणाली प्रकल्पाची समन्वयक होऊन जिल्ह्याला गेली तेव्हा त्यांनी अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले होते.

*

रबरी बाईच्या त्या तासानंतर आठच दिवसांनी चिंचवेलच्या आरोग्य केंद्रातून बातमी आली. अंजली वसावे, वय वीस, पहिलटकरीण. मोज्याने तीनदा तपासलं, तिन्ही वेळा हिरवा दिवा. चौथ्या वेळी सिस्टरने चादर उचलली तेव्हा गादी भिजून खाली टपकत होती. जिल्ह्याला नेईपर्यंत तिची शुद्ध गेली. जीव वाचला, बाळही चांगलं होतं, पण अंजलीची पिशवी काढून टाकावी लागली.

बाईंनी केंद्राच्या पाटीवर, म्हणजे हातातल्या त्या सपाट संगणकावर, अंजलीची नोंद मागवली. मोज्याची एक सोय होती. जुनी नोंद लावली, की दोऱ्या आवळून-सैल होऊन तपासणाऱ्याच्या बोटांना जे लागलं होतं ते जसंच्या तसं आपल्या बोटांना लागायचं. बाईंनी मोजा घातला, डोळे मिटले आणि नोंद लावली.

कणीक. निव्वळ कणीक. आणि मनगटावर हिरवा दिवा.

"हे याला कुणी शिकवलं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. यंत्राला तेही विचारता येत होतं. कुठल्या जुन्या नोंदींवरून हिरवा दिला ते दाखव, असं त्यांनी विचारलं. यंत्राने चाळीस नोंदी पुढे केल्या. सगळ्या बाईंच्याच हाताच्या.

त्यांनी पहिली लावली. मऊ पिशवी, मग एकदम काहीच नाही, आणि निकालात लिहिलेलं: बाळंतीण सुखरूप. दुसरी लावली. मऊ पिशवी, पुढे रिकामं, बाळंतीण सुखरूप. पाचव्या नोंदीला त्यांना ती बाई आठवली. धडगावकडची, कपाळावर गोंदण असलेली. तिच्या पोटावर हात ठेवताच बाईंना शंका आली होती, आणि शंका आली की त्या नेहमी करायच्या तेच त्यांनी केलं होतं. मोजा काढून फेकला होता. घोंगडीवरून नाडी बघितल्यासारखं वाटायचं त्यांना त्या मोज्यातून. "प्रणाली, खंड लिही गं," असं ओरडून त्यांनी उघड्या हाताने पिशवी चोळली होती, तुंबलेली लघवी नळी घालून काढली होती, दुसरं इंजेक्शन दिलं होतं. पाच मिनिटांत पिशवी आवळली. मग मोजा पुन्हा चढवला होता.

ती पाच मिनिटं नोंदीत नव्हती. 'खंड' हा शब्दही नव्हता. यंत्राला दिसलं ते एवढंच, की पिशवी मऊ होती आणि बाई सुखरूप राहिली. एकदा नाही, चाळीसदा. त्याने आपला नियम बांधला: असं मऊ असलं तरी काही होत नाही.

जिथे जिथे मरण हाताला लागलं होतं, तिथे तिथे बाईंनी मोजा काढला होता. त्यांच्या नावाच्या हाताला मरणाची ओळखच नव्हती.

*

बाईंच्या निरोपावरून प्रणाली दुसऱ्याच दिवशी घरी आली. बाईंनी चहा टाकला आणि कप तिच्यापुढे ठेवून सरळ विचारलं, "खंड कुठे गेले?"

प्रणालीने कपाला हात लावला नाही. "खंड असलेली नोंद बाद व्हायची, मावशी. केळशीकर सरांना सलग पाहिजे असायची. दोन वर्षांत चार हजार झाल्या नसत्या तर प्रकल्पच गुंडाळला असता. मग मी... तुम्ही मोजा काढायच्या आधीपर्यंतचं ठेवायचे. पुढचं कापायचे."

"आणि निकालात काय लिहायचीस?"

"सुखरूप. खोटं नव्हतं ना ते! तुमच्या हातची बाई सुखरूपच असायची."

"अगं भवाने, ती का सुखरूप असायची?"

प्रणाली हमसाहमशी रडायला लागली. "मला कुठे माहीत होतं, यंत्र त्यातनं असलं काही शिकेल? मला वाटलं, चार हजारांत चाळीस काय!"

बाई खूप बोलल्या. अंजली वसावेचं वय सांगितलं, तिच्या पुढच्या साठ वर्षांचं सांगितलं. मग राग ओसरला आणि त्यांना समोर ती तापाने फणफणलेली मुलगी दिसायला लागली. चूक झाली होती, पण पोरीला कळलं नव्हतं. कळलं नव्हतं याला इलाज असतो.

"मूळ नोंदी आहेत का कुठे?"

"नाही. दोन वर्षांनी पुसून टाकायचा नियम आहे."

"म्हणजे हे तुला माहीत आणि मला माहीत. गुरुवारी चौकशी समिती बसतेय. पुढच्या महिन्यात अकराशे केंद्रांना मोजे वाटणार आहेत. त्याआधी तू एवढंच सांग, की नोंदी कापल्या होत्या. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. दोष माझ्याही पदरात घालतील, घालू देत. सांगशील?"

"सांगेन, मावशी," प्रणाली म्हणाली आणि निवलेला चहा एका दमात प्यायली.

*

गुरुवारी दुपारी समितीच्या लांबलचक टेबलापाशी पाच जण बसले होते, मधोमध अध्यक्ष आणि त्यांच्या शेजारी डॉक्टर केळशीकर. बाईंनी सगळं सांगितलं. मोजा लावून दाखवला. अध्यक्षांनी अंजलीची नोंद स्वतःच्या हातावर लावून घेतली आणि ते म्हणाले, "मला तर हे ठीकच वाटतंय." त्यांनी आयुष्यात कुणाच्या पोटावर हात ठेवला नव्हता.

मग प्रणालीला बोलावलं. ती निळ्या साडीत आली, बाईंच्या समोरून गेली आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसली.

"नोंदी घेताना बागुल मॅडम मोजा काढत होत्या का?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला तसं आठवत नाही, सर."

बाईंना वाटलं, पोरगी घाबरलीय, आता सावरेल. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. प्रणालीने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"नोंदी कापल्या गेल्या असं त्यांचं म्हणणं आहे."

"सगळ्या नोंदी सलग आहेत, सर. तुम्ही तपासू शकता." ती थोडी थांबली. "मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. मोजा आल्यावर शिकवणाऱ्या माणसांचं काम कमी झालं, ते त्यांना लागलं असावं. आम्ही सगळेच त्यांचा खूप आदर करतो."

बाकीचं सगळं बाईंनी गिळलं असतं. तो आदर त्यांना गिळवेना. जिला ताप उतरेपर्यंत उशाशी बसून पेज भरवली, तिनेच केसाने गळा कापला होता, आणि वर किती मऊ आवाजात! फटकळ म्हणून तीन तालुक्यांत प्रसिद्ध असलेली बाई पाच माणसांसमोर मुकी बसून राहिली.

समितीने निकाल दिला, की चिंचवेलच्या सिस्टरने मोजा सैल घातला होता. मोजे अकराशे केंद्रांना गेले. बाईंना शिकवण्यातून काढून प्रसूतिकक्षाच्या कामावर लावलं, 'त्यांच्या अनुभवाचा लाभ रुग्णांना व्हावा म्हणून'. त्या दर महिन्याला वर पत्रं लिहीत राहिल्या. उत्तर आलं नाही. दोनदा उडत उडत अशाच बातम्या आल्या, एक कळवणकडून, एक अक्कलकुव्याकडून. दोन्हीकडे मोजा सैल घातला होता म्हणे.

घरी भाजी निवडताना त्या मनातल्या मनात प्रणालीशी भांडायच्या आणि शेवटी दरवेळी तिचीच बाजू घ्यायच्या. नोकरी जाईल म्हणून भ्याली असेल. केळशीकरांनी दम दिला असेल. खोटं बोलली, वाईट केलं, पण मुळात कापलं तेव्हा तिला कळलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीला धरून त्यांनी सात महिने काढले.

*

समितीनंतरच्या आठव्या महिन्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, प्रणाली कळा देत मोरखडीच्या दवाखान्यात आली. जिल्ह्याला मोठं रुग्णालय सोडून ती चाळीस किलोमीटर गाडी करून आली होती. सोबत नवरा होता, त्याला बाहेर बसवलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि हात धुवायला घेतले. बाळंतपणाला आलेल्या बाईशी भांडायचं नसतं. "श्वास सोड. आत्ता जोर नको. मी सांगेन तेव्हा," एवढंच त्या बोलल्या. साडेबाराला मुलगी झाली. त्यांनी तिला कोरडं पुसलं, आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, दोघींवर गरम दुपटं टाकलं, नाळेची धडधड थांबेपर्यंत वाट पाहून मग ती कापली. वार आली, नेहमीचं इंजेक्शन झालं. कक्षातली सिस्टर नियमाप्रमाणे मोजा घेऊन पुढे झाली.

प्रणालीने बाळावरचा एक हात काढून बाईंचं मनगट पकडलं. "मोजा नको, मावशी. तुमचा हात ठेवा."

बाई जागच्या जागी थबकल्या. मग त्यांनी तळहात चोळले आणि तिच्या बेंबीखाली ठेवले.

पिशवी मऊ होती. वर चढलेली आणि उजवीकडे कललेली. "नळी आण, लघवी तुंबलीय," त्या सिस्टरला म्हणाल्या. "सलाइनमधून दुसरं इंजेक्शन चालू कर." आणि त्या चोळत राहिल्या. खालचं कापड भिजत होतं. प्रणालीचे ओठ पांढरे पडले, पण बाळ छातीशी लुचत होतं आणि तेही आपल्या परीने आईची पिशवी आवळायलाच मदत करत होतं. पाच मिनिटं गेली. बाईंच्या हाताखाली कणकेचा नारळ झाला.

घाम पुसून त्यांनी पाटी उघडली. मोजा न वापरल्यास तसं लिहून रुग्णाची सही घ्यावी लागे. सही झाल्यावर पाटीवरून पाठवला की तो कागद थेट राज्याच्या कार्यालयात जाई, तिथून तो कुणाला मागे घेता येत नसे.

"मोजा का नको, ते लिहायचंय," त्या म्हणाल्या.

प्रणाली डोळे मिटून होती. "वैयक्तिक लिहा."

बाईंनी वैयक्तिक लिहिलं. त्याखाली सिस्टरच्या निरीक्षणाच्या जागी, मिनिटामिनिटाचं सगळं लिहिलं. पिशवी कशी लागली, कधी चोळली, कधी आवळली, किती रक्त गेलं. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं.

"मावशी, मधलं सगळं कशाला?" प्रणाली हलक्या आवाजात म्हणाली. "बाळंतीण सुखरूप, एवढंच लिहा ना."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "अकराशे केंद्रांत बायका निजल्यात गं. त्यांनी कुणाचं मनगट पकडायचं?"

बाईंनी पाटी तिच्या उशापाशी ठेवली. "सही तुझी. मी काही तुझा हात धरून करून घेणार नाही."

पंधरा मिनिटांनी त्या परत आल्या. हात ठेवला, पिशवी घट्ट होती. पाटीवर सही नव्हती. पुन्हा पंधरा मिनिटांनी आल्या, बाळाचे तळपाय गरम आहेत का पाहिलं, पोटावर हात ठेवला. सही नव्हती. तिसऱ्या वेळी प्रणाली भिंतीकडे बघत होती. चौथ्या वेळी रडत होती. पाचव्या, सहाव्या, सातव्या वेळी बाईंनी पाटीकडे पाहिलंही नाही, फक्त हात ठेवला आणि निघून गेल्या.

पावणेतीन वाजता त्या आठव्यांदा आल्या. बाळ झोपलं होतं, पिशवी घट्ट होती, आणि सही झालेली होती. 'वैयक्तिक' हा शब्द प्रणालीने खोडला होता. त्या जागी स्वतःच्या बोटाने लिहिलं होतं: "मोजा मऊ पिशवीला ठीक म्हणतो. नोंदी मी कापल्या. मोजे पहिल्यांदा वाटायच्या आधी चाचणी झाली, तिच्यात हा दोष दिसला होता. सरांना आणि मला दोघांनाही तेव्हापासून माहीत होतं."

बाई पाटी घेऊन शेजारच्या स्टुलावर बसल्या. चाचणी म्हणजे दोन वर्षांपूर्वी. अंजली वसावे गरोदर राहायच्याही आधी. चहाच्या कपासमोर हमसाहमशी रडण्याच्या किती तरी आधी.

"मावशी," प्रणाली म्हणाली, "आता तरी माझ्याकडे बघा ना."

बाईंना आठ महिने जी कबुली हवी होती ती त्यांच्या मांडीवर होती आणि कुठल्याही कागदाचा त्यांना एवढा तिटकारा आला नव्हता. त्यांनी तो पाठवून दिला. मग उठून बाळाचं दुपटं नीट केलं, आणि आईकडे न बघता, पुढची तपासणी दुसरी सिस्टर करेल असं सांगून त्या कक्षाबाहेर गेल्या.